तोंडातला व्रण भरत नाही? रक्तातल्या प्लेटलेटचा उपचार: कधी, कोणासाठी आणि कसा

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका माझ्या दाताच्या दवाखान्यात आल्या. जिभेच्या डाव्या कडेला व्रण, पाच आठवडे झाले तरी हटत नव्हता. गुलकंद झाला, सब्जा झाला, जाईचा पाला चावून झाला, मेडिकलमधून आणलेल्या तीन ट्यूब झाल्या. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून आल्या होत्या. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, ते आपलंच रक्त फिरवून लावतात ना, तेच करून टाका."

आरसा घालून पाहिलं, तर खालच्या शेवटच्या दाढेची आतली कड फुटलेली. टवका उडालेल्या कपासारखी धारदार, आणि व्रण बरोबर तिच्यासमोर. कड घासून गुळगुळीत करायला दोन मिनिटं लागली. दोन आठवड्यांनी नक्की दाखवायला या, नाही भरला तर तुकडा काढून तपासू, असं बजावून पाठवलं. दहाव्या दिवशीच व्रण भरला होता. रक्ताचा थेंबही काढावा लागला नाही.

प्लेटलेटच्या उपचारावर माझा राग नाही. योग्य रुग्णाला मी तो करते, आणि काही जणांना त्याने चांगला आराम पडलेला पाहिला आहे. पण त्यात रक्ताची नळी मशिनमध्ये फिरते ती दहा-बारा मिनिटं. त्याआधीचं काम दोन-तीन आठवड्यांचं असतं, आणि बहुतेकांचं दुखणं तिथेच संपतं. म्हणून या लेखातही आधीच्या पायऱ्याच लांब आहेत.

जखम भरताना प्लेटलेट काय करतात

प्लेटलेट म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. डेंगीच्या साथीत "पेशी कमी झाल्या" म्हणून घराघरात ज्यांची चर्चा होते, त्याच. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण 1,50,000 ते 4,50,000 असतात आणि आठ-दहा दिवस जगतात. रक्त थांबवणं हे त्यांचं सगळ्यांना माहीत असलेलं काम. दुसरं काम कमी माहीत आहे. त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात आणि त्यांत वाढीला चालना देणारी प्रथिनं भरलेली असतात. जखमेच्या जागी प्लेटलेट फुटल्या की ही प्रथिनं बाहेर पडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि आजूबाजूच्या पेशींना जखमेकडे बोलावतात.

तोंड आलं की व्रणावर जो पांढरट-पिवळा पापुद्रा दिसतो, तो पू नव्हे. तो बराचसा फायब्रिन असतो, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं धाग्यांचं जाळं. शरीराने स्वतःच घातलेली ती पट्टी आहे. कापसाने किंवा ब्रशने तो खरवडून काढणारे लोक मी दर महिन्याला पाहते. कृपा करून काढू नका. प्लेटलेटचा उपचार म्हणजे हीच पट्टी जरा जाड, जरा दाट करून बाहेरून घालणं. यापलीकडे त्यात जादू नाही.

पीआरपी, पीआरएफ आणि आय-पीआरएफ

नावांचा गोंधळ फार आहे, आणि दवाखान्यांच्या जाहिरातींनी तो वाढवला आहे.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट दाट केलेला रक्तातला पातळ भाग. रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेटसारखं द्रव्य असतं, नळी सहसा दोनदा फिरवतात, आणि शेवटी कॅल्शियम घालून पुन्हा गोठवायला लावतात किंवा तसंच टोचतात. अमेरिकेतले जबड्याचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 1998 मध्ये जबड्यात हाड भरताना ते वापरून दाखवलं आणि दंतवैद्यकात त्याचा बोलबाला झाला.

पीआरएफ त्यानंतरचं. फ्रान्समध्ये 2001 मध्ये जोसेफ शुक्रून यांनी ते पुढे आणलं. यात नळीत काहीही घालायचं नाही. रक्त काढायचं, लगेच एकदाच फिरवायचं. नळीतच फायब्रिनचा गोळा तयार होतो आणि त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकून राहतात. हा गोळा दाबला की दुधावरच्या जाड सायीसारखा पडदा हातात येतो. पीआरपीमधली प्रथिनं बरीचशी पहिल्या काही तासांतच बाहेर पडून जातात. पीआरएफच्या जाळ्यातून ती आठवडा-दहा दिवस हळूहळू झिरपत राहतात.

आय-पीआरएफ हे त्याचंच टोचता येईल असं पातळ रूप. कमी वेगाने, थोडाच वेळ फिरवून मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटांत गोठून जातं. त्यामुळे तयार झालं की सिरिंजमध्ये घेऊन लगेच टोचावं लागतं.

तोंडातल्या जखमेसाठी माझा कल पीआरएफकडे असतो. बाहेरचं द्रव्य नाही, कृती सोपी, चुका कमी.

पायरी 1: दिवस मोजा

व्रण पहिल्यांदा जाणवला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. "बरेच दिवस झाले" या उत्तरावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

रोज एकाच वेळी, सकाळी दात घासून झाल्यावर, खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. शक्य असेल तर मोजपट्टीची झेरॉक्स काढून तिचा तुकडा ओठाशी धरा, म्हणजे आकार कळतो. जोडीला एका वहीत दुखण्याला 0 ते 10 मधला आकडा द्या. आठ दिवसांच्या अशा नोंदी माझ्या अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त सांगून जातात.

नेहमीचं तोंड येणं, ज्याला आम्ही अॅफ्थस अल्सर म्हणतो, त्याचा लहान प्रकार 10 मिलिमीटरपेक्षा छोटा असतो आणि 7 ते 14 दिवसांत डाग न ठेवता भरतो. मोठा प्रकार 10 मिलिमीटरच्या वर जातो, आठवडेच्या आठवडे राहतो आणि भरल्यावर वण ठेवतो. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे डझनावारी व्रण एकदम उठतात. तिन्ही प्रकार बहुतेक वेळा ओठांच्या आतून, गालाला, जिभेखाली, म्हणजे मऊ जागी येतात. हिरडीवर किंवा टाळूच्या पुढच्या कडक भागावर बारीक फोड येऊन फुटत असतील, तर नागीण जातीच्या विषाणूचा विचार आधी करावा लागतो.

दोन आठवडे ही रेघ पक्की धरा. कारण दूर करूनही व्रण त्यापुढे टिकला, तर मलम बदलत बसायचं नाही, दाखवायचं. आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका: व्रणाची कड बोटाला टणक लागते, व्रण मोठा असूनही दुखत नाही, मानेत गाठ लागते, ओठ किंवा जीभ बधिर वाटते, दात अचानक हलू लागले, किंवा तोंड उघडणं कमी झालंय. शेवटचं घरी तपासता येतं: स्वतःची तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर ते लिहून आणा.

पायरी 2: व्रण झालाच कशामुळे, ते शोधा

आपल्याकडे पहिला प्रश्न तंबाखूचा. तो विचारताना "व्यसन आहे का" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. मी "मिश्री लावता का?" असं विचारते, आणि अनेक आज्या, मावश्या सहज "हो, दोन वेळा" म्हणतात, कारण मिश्री हे त्यांच्या लेखी व्यसनच नसतं. तंबाखू-चुन्याची गोळी, मावा, गुटखा, नुसती सुपारी, सगळं सांगा. गोळी गालाच्या ज्या खळग्यात ठेवता, तिथलाच व्रण असेल तर त्याच्याकडे संशयानेच पाहायचं. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग पुष्कळदा त्याच खळग्यात सुरू होतो.

अशा व्रणावर तपासणीशिवाय प्लेटलेट लावणं ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात घातक चूक आहे. ज्या प्रथिनांचा धर्मच पेशी वाढवणं, ती कर्करोगाच्या जागी नेऊन घालायची का, याचं उत्तर साधं आहे. शिवाय वरून पडदा बसला की महिनाभर सगळ्यांना "उपचार चालू आहेत" असं समाधान मिळतं आणि तेवढा वेळ हातचा जातो. तुकडा काढून तपासायला, म्हणजे बायोप्सीला, लोक घाबरतात. "सुई लागली की पसरतो" ही समजूत अजून गावोगाव आहे. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. उशिराने पसरतो.

पुढचं कारण दात. फुटलेली कड, निसटलेलं सिमेंट, बोचणारी कवळी, ब्रेसेसची तार. आरशासमोर जीभ बाजूला करून पाहा; व्रणासमोर काय आहे?

मग औषधं. गोळ्यांची पिशवीच घेऊन या, नावं आठवत बसू नका. छातीत दुखण्यासाठी दिलेली निकोरँडिल काही जणांना तोंडात खोल, हट्टी व्रण देते; ती बदलल्याशिवाय ते भरत नाहीत. आणि सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर हे नीट वाचा: ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येणं हे विषबाधेचं पहिलं लक्षण असू शकतं. मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि तोंड सोलवटलंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हा थांबून पाहायचा मामला नाही.

रक्ततपासणीत मी सहसा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फॉलिक अॅसिड आणि साखर पाहते. गरजेप्रमाणे एचआयव्हीची तपासणी सांगते. पूर्ण शाकाहारी घरांत बी-12 कमी सापडणं नेहमीचं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा अॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल, तर त्यानेही बी-12 खाली येतं. "अंगात उष्णता झाली" असं आपण म्हणतो त्या पुष्कळ तक्रारींमागे मला शेवटी हीच कमतरता सापडली आहे. गुलकंदाने ती भरून निघत नाही, पण गुलकंद खाऊ नका असं मी कोणाला सांगत नाही.

टूथपेस्टही बदलून पाहा. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरल्यावर काहींचे वारंवार येणारे व्रण कमी होतात. साधा बदल, नुकसान काही नाही.

आणि व्रण फक्त तोंडातच आहेत ना? जननेंद्रियावरही येत असतील, डोळे लाल होऊन दुखत असतील, अंगावर पाण्याचे फोड उठत असतील, तर हे दुखणं दाताच्या डॉक्टरचं एकट्याचं नाही. लाज न बाळगता सांगा.

पायरी 3: साधे उपचार नीट करून पाहा

"सगळं करून झालं" म्हणणाऱ्यांना मी काय केलं ते करून दाखवायला लावते. ट्रायअॅम्सिनोलोनचं 0.1 टक्क्याचं तोंडातलं पेस्ट बहुतेकांनी ओल्या व्रणावर चोळलेलं असतं. ते लाळेबरोबर पोटात जातं. स्वच्छ कापडाने किंवा गॉझने जागा हलकेच टिपून कोरडी करायची, वाटाण्याच्या निम्म्याएवढं पेस्ट बोटावर घेऊन दाबून बसवायचं, चोळायचं नाही, आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. जेवणानंतर आणि झोपताना. डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेले दिवसच. स्टिरॉइड आहे, महिनोन्महिने लावायची चीज नाही.

जोडीला कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर पेस्टने दात घासल्यावर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या. फार दुखत असेल तर जेवणाआधी बधिर करणारी जेल.

इतकं नीट केलं तर बहुतेकांचा विषय इथे संपतो.

पायरी 4: प्लेटलेटचा उपचार कोणासाठी

आता उरतात ते मोजके लोक. माझ्या अनुभवात आणि छापून आलेल्या अभ्यासांत या उपचाराच्या उपयोगाचं चित्र असं दिसतं.

सगळ्यात भक्कम बाजू टाळूवरच्या जखमेची. हिरडी खाली सरकली की टाळूवरची त्वचा काढून हिरडीवर कलम करतात. टाळूवर मागे राहिलेली उघडी जखम फार झोंबते. तिथे पीआरएफचा पडदा शिवून ठेवला तर जखम लवकर झाकली जाते आणि दुखणं कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

दुसरा गट लायकेन प्लॅनसच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या एका जुनाट दाहाच्या, सोलवटलेल्या प्रकाराचा. गालावर पांढऱ्या जाळीच्या रेघा, मध्ये लाल, कच्ची जागा. तिखटाचा कणही सहन होत नाही. या रुग्णांत स्टिरॉइडच्या सुईशी पीआरपी किंवा आय-पीआरएफची तुलना करणाऱ्या लहान चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा आला. म्हणजे स्टिरॉइड चालत नसेल, बुरशी वारंवार येत असेल, साखर वाढत असेल, तर विचार करायला हा पर्याय आहे. पहिली पसंती अजूनही स्टिरॉइडचीच.

मोठ्या अॅफ्थस व्रणासाठी पुरावा त्याहून तोकडा आहे. लहान, आठवड्यात भरणाऱ्या व्रणासाठी तर मी करतच नाही. जो व्रण दहा दिवसांत आपोआप जाणार आहे त्यासाठी हातातून रक्त काढून खर्च करायचा, आणि अकराव्या दिवशी श्रेय नळीला द्यायचं? शिवाय प्लेटलेट लावल्याने नवे व्रण येणं थांबत नाही, हे कोणी सांगत नाही.

केमो किंवा रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटलं असेल तर बाहेरच्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रयोग करू नका. तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेल्या असतात, संसर्गाची भीती खरी असते. या त्रासावर कॅन्सरच्या रुग्णालयांकडे आजमावलेले उपाय आहेत: बेंझिडामिनच्या चुळा, कमी शक्तीचा लेझर, आणि 5-एफयू हे केमोचं औषध शिरेतून झटपट देतात तेव्हा अर्धा तास बर्फाचे खडे चघळणं. आपल्या कॅन्सरतज्ज्ञांनाच विचारा.

याशिवाय ज्यांना करायचं नाही ते असे: बायोप्सी न झालेला संशयित व्रण, तोंडाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास, ताप किंवा चालू संसर्ग, प्लेटलेट कमी असणं किंवा नीट काम न करणं, आणि ज्यांचा तंबाखू अजून त्याच खळग्यात जातोय. शेवटच्यांना मी सरळ सांगते, आधी पुडी सोडा, मग नळी.

पायरी 5: दवाखाना निवडताना विचारायचे प्रश्न

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचा, विभाग आहे. व्रणाचं निदान पक्कं करायला ती चांगली जागा. त्यानंतर उपचार कुठेही करा, पण विचारा: निदान काय, आणि ते कशावरून? रक्त कोण काढणार? नळी नवी, सीलबंद आहे ना, माझ्यासमोर फोडाल का? किती वेळा करावं लागेल, आणि गुण नाही आला तर कुठल्या टप्प्यावर थांबायचं? पहिल्याच भेटीत आठ बैठकांचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर उठून या.

आदल्या दिवशी नीट झोपा, येताना पोटभर नाश्ता करून आणि दोन ग्लास पाणी पिऊन या. उपाशीपोटी रक्त काढताना चक्कर येणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत. दुखण्यावरची आयबुप्रोफेनसारखी गोळी सहज घेत असाल तर आधीचे आठ दिवस टाळा, ती प्लेटलेटना सुस्त करते. मात्र हृदयासाठीची अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. नुसतं सांगायचं.

पायरी 6: नळी ते पडदा

हा भाग नव्याने हे काम शिकणाऱ्या दंतवैद्यांसाठीही आहे, म्हणून थोडं बारकाईने. रुग्णांनीही वाचायला हरकत नाही. समोर काय चाललंय ते कळलं की भीती कमी होते.

रक्त काढण्याआधी सगळं मांडून ठेवा: मशिन चालू, झाकण उघडं, जोडीला तोलाची नळी पाण्याने भरलेली, गॉझ, कात्री, चिमटा. कारण रक्त नळीत पडलं की घड्याळ सुरू होतं. साधारण मिनिटभरात, फार तर दीड मिनिटात नळी फिरायला लागली पाहिजे. उशीर झाला की रक्त नळीतच वेडंवाकडं गोठतं आणि फायब्रिनचा सलग गोळा मिळत नाही. शीर नीट सापडेना, रक्त थेंब थेंब येतंय, असं झालं तर ती नळी सोडून द्या, दुसऱ्या हाताला नव्याने घ्या.

नळी काचेची, आत काही नसलेली, साधारण 10 मिलिलिटरची. एका पडद्याला एक नळी. व्रण मोठा असेल तर दोन. काचेच्या स्पर्शानेच गोठणं सुरू होतं, तेच इथे हवं आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट. दोन्ही द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत, म्हणून त्यांत पीआरएफ कधीच बनणार नाही. लॅबमधली उरलेली नळी "चालेल" म्हणून वापरणारे आणि मग "पडदाच आला नाही" म्हणणारे भेटतात. सिलिकाचा लेप असलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात, पण सिलिकाचे कण गोळ्यात मिसळण्याची शंका घेतली गेली आहे. मी काचेच्याच वापरते.

नळ्या मशिनमध्ये समोरासमोर, सारख्या वजनाच्या. वेगाच्या आकड्यांत फसू नका. पुस्तकात "मिनिटाला 3000 फेरे, 10 मिनिटं" किंवा "2700 फेरे, 12 मिनिटं" असं असतं, पण फेऱ्यांवरून जोर कळत नाही. तो मशिनच्या त्रिज्येवरही ठरतो. हिशोब असा: 0.00001118 गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल तर 3000 फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे 1000 पट जोर येतो. त्रिज्या 5 सेंटिमीटर असेल तर निम्माच, 500 पट. एकाच आकड्यावर दोन दवाखान्यांत दोन वेगळ्या गोष्टी तयार होतात त्या अशा. आपल्या मशिनची त्रिज्या एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आय-पीआरएफसाठी प्लॅस्टिकची नळी आणि बराच कमी जोर: 700 फेरे, 3 मिनिटं.

मशिन थांबलं की नळीत तीन थर दिसतात. वर पिवळसर पाणी, मध्ये पिवळट जेलीसारखा गोळा, खाली लाल. गोळा चिमट्याने उचला आणि लाल भाग कात्रीने कापा, पण अगदी सीमेवर नको. सांध्याशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर लाली राहू द्या. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींची दाटी तिथेच असते. मग ओल्या गॉझच्या दोन घड्यांत ठेवून हलका दाब. पिळायचं नाही, रस निघून जातो आणि रसातही कामाची प्रथिनं असतात.

कचऱ्याचं एक वाक्य, कारण ते नेहमी विसरलं जातं: सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात.

पायरी 7: पडदा व्रणावर टिकवायचा कसा

खरी कसोटी इथे आहे, मशिनमध्ये नव्हे. तोंड ओलं, जीभ क्षणभर स्वस्थ नाही, आणि दिवसाला अर्धा-एक लिटर लाळ वाहतेय. नुसता ठेवलेला पडदा संध्याकाळपर्यंत गिळला जातो.

टाळूवर पडदा बारीक टाक्यांनी आडवा-तिरपा बांधता येतो आणि वरून पारदर्शक पट्टी दातांवर बसवता येते. गालाच्या किंवा ओठाच्या आतून दोन-तीन टाके घालता येतात. जिभेखाली आणि जिभेच्या कडेला पडदा टिकवणं मला तरी जमलेलं नाही. तिथे मी आय-पीआरएफ व्रणाच्या भोवतीने टोचते. जागा थोडी बधिर करून, इन्सुलिनच्या बारीक सुईने, कडेपासून जरा दूर, चार-पाच ठिकाणी थेंब थेंब. व्रणाच्या तळात सुई घालायची नाही. लायकेन प्लॅनससाठी अशा बैठका आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या अंतराने, सहसा चार.

पायरी 8: घरी गेल्यावर

पहिला दिवस: गरम काही नको, जोरात चुळा नकोत, थुंकत राहणं नको, स्ट्रॉने पिणं नको. पेज गार करून, दहीभात, मऊ खिचडी, केळं, साजूक तुपातला पातळ शिरा कोमट झाल्यावर. भाकरीचा पापुद्रा, चिवडा, ठेचा, लोणचं, चिंच-कोकम आठवडाभर लांब ठेवा. जखमेच्या बाजूने ब्रश नको, बाकी दात मात्र घासायचेच. "तोंडाला हात लावू नका" याचा अर्थ आठ दिवस दात न घासणं असा घेणारे असतात. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याचा घोट तोंडात फिरवून सोडून द्यायचा.

जागा पांढरी, जेलीसारखी दिसेल. ते बरोबर आहे. तुकडा सुटून आला तर ओढू नका, लोंबता भाग त्रास देत असेल तर फोन करा. रक्ताळलेली लाळ पहिल्या दिवशी चालते. दाबूनही न थांबणारं रक्त, ताप, वाढती सूज, घाण वास, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारं दुखणं चालत नाही, लगेच या. रक्त काढलेल्या जागी हात काळा-निळा झाला असेल तर तो आठवड्यात जातो.

फोटो आणि वही चालूच ठेवा.

पायरी 9: पुन्हा कधी दाखवायचं, आणि कधी थांबायचं

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मी पाहते, आणि मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. दोन आठवड्यांत आकारात स्पष्ट फरक नसेल तर दुसरी नळी फिरवण्याआधी निदानाकडे परत जायचं. आधी बायोप्सी झाली असली तरी गरज वाटल्यास पुन्हा तुकडा घ्यायचा, वेगळ्या जागेवरून. चार बैठकांनंतरही लायकेन प्लॅनस तसाच असेल तर मी हा उपचार बंद करते आणि त्वचारोगतज्ज्ञांना सोबत घेऊन दुसरी औषधं ठरवते.

गुण आला, तिखट चालायला लागलं, की लोक यायचे बंद होतात. लायकेन प्लॅनसच्या रुग्णांनी तसं करू नये. त्यातल्या साधारण शंभरात एकाला पुढे त्या जागी कर्करोग होण्याची शक्यता असते, आणि प्लेटलेटने सोलवटणं भरलं म्हणून ती मिटत नाही. दुखत नसलं तरी दर सहा महिन्यांनी तपासणी. कार्डावर मी पुढची तारीख लाल पेनाने लिहून देते, आणि त्या दिवशी येताना वही घेऊन यायला सांगते.